मैदान कुणाच्या बापाचं?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ज्याला आपण अजून व्हीटीच म्हणतो, त्याच्यासमोर महापालिकेच्या इमारतीपासून जे मैदान सुरू होतं ते आझाद मैदान. आपल्या पोरांना ते धरण्याचं, मोर्च्याचं मैदान म्हणून ठाऊक. क्रिकेटवाल्यांना ते बावीस खेळपट्ट्यांचं मैदान म्हणून ठाऊक. त्याच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. पुढं क्रॉस मैदान, ओव्हल, आणि कुलाब्याच्या वाटेवर कूपरेजचं फुटबॉल ग्राउंड. ही सगळी एकाच जमिनीची तोडलेली तुकडं.

या जमिनीचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. ते धावा मोजतात, विकेटी मोजतात, कुठला गव्हर्नर कधी आला ते सांगतात. रोलर कुणी ओढला, चहा कुठल्या भांड्यात दिला, कॅप्टन कुणाला होऊ दिलं नाही, हे त्यांच्या स्कोअरबुकात येत नाही. मी इथं तेच मांडणार आहे. कारण आपल्यातले बरेच जण म्हणतात, क्रिकेट हा साहेबाचा आणि बामणाचा खेळ, चळवळीला त्याचं काय घेणंदेणं? माझं म्हणणं, घेणंदेणं आहे, आणि ते जुनं आहे.

आधी जमीन. १७३९ साली चिमाजी आप्पानं पोर्तुगीजांकडनं वसई घेतली. मुंबईतल्या इंग्रजाची झोप उडाली. त्यानं कोटाभोवती खंदक खणला आणि कोटाबाहेरची झाडं, घरं पाडून जागा मोकळी करायला घेतली. शत्रू आला तर तोफेला समोर अडथळा नको, हा हिशोब. १८०३ साली कोटात मोठी आग लागली, त्यानंतर ही मोकळी जागा आणखी वाढवली. तिला एस्प्लनेड म्हणत. जुने मुंबईकर म्हणत कांपाचं मैदान. म्हणजे ज्याला आज आपण हिरवळ म्हणतो ती निसर्गानं दिलेली नव्हे. तिथल्या माणसांना उठवून केलेली ती जागा आहे.

गावात गावकुसाबाहेर आपली वस्ती असते. मुंबईत कोटाबाहेर गोऱ्यांनी मैदान केलं. दोन्हीकडं भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे आतल्यांनीच ठरवलं.

१८५७ साली, १५ ऑक्टोबरला, याच मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. तोफेसाठी मोकळी केलेली जागा अशी तोफेच्या कामी आली. पुढं १८६० नंतर फ्रियर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडल्या, रस्ते काढले आणि मैदानाचे तुकडे पडले.

भिंती गेल्या, पण भिंतीचा स्वभाव गेला नाही. १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, तो फक्त गोऱ्यांचा. हिंदी माणसाला आत जायचं तर ट्रे उचलायला नाहीतर गवत कापायला. मैदानाच्या उरलेल्या भागात पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची. तिथंच गोरे साहेब घोडे आणून पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची, खड्डे पडायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांत हिंदी पोरांनी खेळायचं. साहेबांची स्वतःची हिरवळ मात्र राखलेली. १८८१ साली शापूर सोराबजी आणि मंडळींनी शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडं केला. पोलो थोडा काळ थांबला, पुन्हा सुरू झाला. शापूरजींनी हा सगळा झगडा १८९७ साली पुस्तकात लिहून ठेवला. अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज. वाचताना आपल्याच निवेदनांची आठवण येते.

त्यांचा झगडा बरोबर होता. मैदान सगळ्यांचं असावं, ही मागणी न्यायाचीच. पण हे 'सगळे' म्हणजे कोण? त्या काळच्या हिंदू क्लबांची नुसती नावं वाचा. गौड सारस्वत क्रिकेट क्लब. क्षत्रिय क्रिकेट क्लब. मराठा क्रिकेट क्लब. गुजराती युनियन. बॅट-बॉल विलायतेतनं आला, पण टीम जातीच्या पंगतीप्रमाणंच बसली. सरकारनं शेवटी तोडगा काढला तो समुद्राकडंला केनेडी सी-फेसवर. पारशांना वेगळी जागा, मुसलमानांना वेगळी, हिंदूंना वेगळी. हिंदू जिमखाना १८९४ सालचा. परमानंददास जीवनदास या धनिकाचं नाव त्याला लागलं. धर्मवार वाटणी झाली. या वाटणीत आपण कुठल्या तंबूत?

याचं उत्तर मुंबईत मिळत नाही. त्यासाठी थोडा वेळ पुण्याला जावं लागतं, कारण ज्या माणसानं हा प्रश्न मुंबईच्या मैदानावर आणला तो पुण्यात घडला.

बाळू पालवणकर. जात चांभार. जन्म धारवाडचा, बाप लष्करात. पुण्याला कॅम्पात वाढलेलं हे पोरगं आधी पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडायला आणि खेळपट्टी दाबायला लागलं. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेलं. पगार चार रुपये. काम तेच. रोलर ओढायचा, चुना मारायचा, जाळ्या बांधायच्या. लक्षात घ्या, साधारण त्याच साली इंग्रज सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली. ज्या पलटणींनी आपल्या जातींना चार अक्षरं आणि दोन घास दिले, त्यांचा दरवाजा लागत होता आणि एक चांभाराचा पोरगा साहेबाच्या मैदानावर गवत राखत होता.

साहेबांना सरावाला बोलर लागायचा. त्यांनी बाळूला बोलिंग टाकायला लावली. डावखुरी, संथ, बोटांत फिरकी. ग्रेग नावाचा नामी गोरा बॅट्समन होता. त्याला आउट केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी दंतकथा आहे. दंतकथेवर लोक खूष होतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शेकडो तास बोलिंग टाकूनसुद्धा या पोराच्या हातात बॅट कधी दिली नाही. घाम गाळायचं काम खालच्याचं, फटका मारायचा मान वरच्याचा. बलुतेदारी क्रिकेटच्या जाळीतसुद्धा अशी जिवंत होती.

पुण्याच्या हिंदू टीमला गोऱ्यांना हरवायचं होतं. बोलर तर बाळूच. घ्यावं की न घ्यावं, यावर वाद झाला. शेवटी घेतला. मैदानावर तो ज्या चेंडूला हात लावी त्यालाच बाकीचे हात लावत. चेंडू चामड्याचा, चामडं कुणी कमावलं हे कुणी विचारत नव्हतं. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे आत आणि बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर. त्याचा चहा मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की भांडं फेकायचं. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. हाततोंड धुवायला पाणी लागलं तर तेही आणून देणारा आपल्याच जातीचा गडी. पुढं न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे सांगितलं, की त्याच्याबरोबर खेळता तर त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे? हे सांगायला हायकोर्टाचा जज्ज लागला.

मित्रांनो, हे मातीचं भांडं विसरू नका. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती या भांड्याचीच पुढची गोष्ट आहे. पाणी कुणी कुठल्या भांड्यानं प्यायचं हा प्रश्न गावच्या तळ्यावर होता तसाच क्रिकेटच्या हिरवळीवरही होता.

प्लेगच्या साली बाळू मुंबईला आला. हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद, सभासदांचा विरोध. कीर्तिकर कॅप्टन होते, त्यांनी आग्रह धरला म्हणून प्रवेश मिळाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूनं आठ बळी घेतले. भाऊ शिवरामही त्या टीममध्ये होता. ज्या जिमखान्यात काळ्या माणसाला सभासद होता येत नव्हतं, त्याच जिमखान्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्या पोरानं साहेबाला लोळवलं. पेपरांनी याला राष्ट्राचा विजय म्हटलं.

१९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या कॅप्टनकीत हिंदी टीम विलायतेला गेली. बहुतेक सामने हरली. पण बाळूनं सगळे सामने धरून ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. त्या मानपत्राला तरुण भीमराव आंबेडकरांचा हात लागला होता असं सांगतात. आपल्या माणसाला अशा जागी पाहण्याची तो काळापर्यंत कुणाला सवय नव्हती. नंतर बाबासाहेबांचा आणि बाळूचा रस्ता फुटला, ते पुढं येईलच. पण आधी हे आहे.

आता १९२० साल घ्या. या साली ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघालं. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून समाजापुढं उभं केलं. आणि याच साली डिसेंबरात मुंबईच्या मैदानावर पालवणकर बंधूंनी बंड केलं. आपल्या इतिहासात पहिल्या दोन गोष्टी येतात, तिसरी येत नाही. म्हणून सविस्तर सांगतो.

तोवर चौरंगी सामने सुरू झालेले. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. हिंदू टीमचा कणा पालवणकरांचा. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल असे चार भाऊ त्या टीमसाठी खेळले. मेहनत त्यांची, कॅप्टन मात्र दरवर्षी दुसरा. १९२० ला कॅप्टन म्हणून पै यांना नेमलं आणि बाळूला टीममधून वगळलं. पै पहिल्या सामन्याला येऊ शकले नाहीत. आता तरी विठ्ठलचा नंबर लागायला हवा होता. समितीनं कॅप्टन केलं देवधरांना. देवधर मोठे खेळाडू, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. प्रश्न समितीचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी टीममधून अंग काढून घेतलं आणि जाहीर निवेदन काढलं. आमच्या जातीमुळं आम्हाला डावललं जातंय, हे त्यांनी लपवलं नाही.

आजवर आपली माणसं टॅलेंटनं आत गेली होती, उपकारानं आत गेली होती. इथं पहिल्यांदा ती स्वतःहून बाहेर आली. आमच्याशिवाय खेळून दाखवा. आणि हा डाव लागला. शहरात चर्चा झाली, लोकांनी समितीला धारेवर धरलं. पुढच्या सामन्याला बाळूला परत बोलावलं, उपकप्तान केलं. भाऊ परत आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ टीम बाळूच्या हुकमात खेळली. तेवढा वेळच, पण मिळाला.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू टीमचे कॅप्टन झाले. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं. १९४८ साली त्यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं, आपल्या पोरांनी ते शोधून वाचावं. बळी घेण्यापासून कॅप्टनकीपर्यंत जायला १९०६ ते १९२३ अशी सतरा वर्षं लागली. सतरा वर्षं विकेटी पडत होत्या तेव्हा दार हललं नाही. अंग काढून घेतल्यावर हललं. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जे आपल्याला सांगतात त्यांना हे साल दाखवा.

आणखी एक गोष्ट. स्कोअरकार्डावर देवधर देवधर असतात, पै पै असतात. पालवणकर मात्र पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल. आडनावाचं एक अक्षर आणि मग हाक मारायचं नाव. मला ते खुपतं.

आता अवघड जागेचं बोलू. १९३२ ला पुणे करारावर बाळूची सही आहे. १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिला त्यानं विरोध केला. १९३७ ला मुंबई असेंब्लीच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांविरुद्ध बाळूला उभं केलं. स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब १३,२४५ मतांनी निवडून आले. बाळूला ११,२२५ मतं पडली. मतांचा आकडा बघा, सामना सोपा नव्हता. काँग्रेसला बाबासाहेबांना पाडायला वरच्या जातीचा उमेदवार चालणार नव्हता, म्हणून तिनं मैदानावरचं नाव वापरलं. आधी हिंदू जिमखान्यानं वापरलं तसंच. गोऱ्यांविरुद्ध आकडा लागतो तेव्हा आपण हिंदू, पंगत बसते तेव्हा अस्पृश्य. ही युक्ती क्रिकेटमध्ये आधी रुळली आणि राजकारणात नंतर, असं मला दिसतं.

म्हणून बाळूला गद्दार म्हणून टाकून द्यायचं का? मला नाही पटत. त्याचं राजकारण चुकलं असं मी म्हणतो आणि ठामपणे म्हणतो. एकेका माणसाला आत घेतलं म्हणजे जात जाईल, हा त्याचा भरवसा होता. कदाचित मैदानावर त्याला तसं घडताना दिसलंही असेल. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं. एक माणूस आत गेला तरी मातीचं भांडं मागं राहतंच, ते भांडं फोडायला समाज उभा राहावा लागतो. १९२० च्या डिसेंबरात भावांनी जे केलं ते खरं तर बाबासाहेबांच्या वाटेचं होतं. १९५५ च्या जुलैत बाळू गेला. दुसऱ्या वर्षी आपण दीक्षाभूमीवर होतो.

फुटबॉलची कथा याच मैदानाच्या टोकाला. कूपरेज म्हणजे पिंपं बांधायची जागा, तिचं नाव ग्राउंडाला पडलं. १८९१ पासून मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तो गोऱ्या पलटणींचा. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटनं नेला. हिंदी टीमनं तो जिंकायला १९३७ साल उजाडलं, बंगळूर मुस्लिम्सनं जिंकला. १९५० ते ५४ अशी ओळीनं पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो ठेवला. २००० नंतर ही स्पर्धा बंद पडली. फुटबॉलला एक चेंडू पुरतो, पॅड लागत नाही, ग्लोव्ह लागत नाही, पाच दिवसांची सुट्टी लागत नाही. तो वस्तीतल्या पोराचा खेळ. पैसा आणि पेपर क्रिकेटच्या मागं गेला यात फक्त आवडीचा भाग नाही, हे समजून घ्या.

क्रिकेटची मोठी गर्दीही या मैदानातनं हलली. हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथनं ११८ काढल्या, इंग्लंड नऊ विकेटनी जिंकलं. १९३७ ला ब्रेबोर्न स्टेडियम उघडलं आणि चौरंगी-पंचरंगी सामने तिकडं गेले, १९४६ ला धर्मवार सामने बंद झाले. १९७५ ला वानखेडेवर पहिली कसोटी झाली. आझाद मैदान राहिलं ते शाळकरी पोरांना, क्लबांच्या तंबूंना, पावसाळ्यातल्या कांगा लीगला. आणि मोर्च्यांना.

फेब्रुवारी १९८८ मध्ये इथंच शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागी केली. जगाला ते पाठ आहे. त्याच महिन्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' साठी लाखो दलितांचा मोर्चा मुंबईच्या फोर्टात आला होता. मोर्चा परतल्यावर हुतात्मा स्मारक गोमूत्रानं 'शुद्ध' करण्यात आलं. मैदानापासून ते पायी काही मिनिटांवर. साल १९८८. मातीचं भांडं अजून फुटलेलं नव्हतं.

मीही या मैदानावर धरणं धरून बसलोय. मोर्चेवाल्यांसाठी एक कोपरा आखून दिलेला आहे, त्यापलीकडं खेळपट्ट्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी, आदिवासी इथंच बसले, पायाच्या सालड्या निघालेल्या. पलीकडं सकाळी माळी पाणी मारतो, रोलर फिरवतो. मुंबईच्या मैदानांवर खेळपट्टी करणाऱ्याला माळी म्हणतात. मॅच झाली की पोरं निघून जातात. स्कोअरबुकात अंपायरचं नाव असतं, स्कोअररचं असतं. माळ्याचं नसतं.

तर काम असं आहे. तुमच्या तालुक्याला, जिल्ह्याला एखादं जिमखान्याचं, पोलीस परेडचं, संस्थानिकाचं ग्राउंड असेल. ते होण्याआधी तिथं कोण राहात होतं, हे म्हाताऱ्यांना विचारा. रोलर कुणाच्या घरातला माणूस ओढत होता ते विचारा. टीममध्ये आपलं कुणी होतं का, होतं तर चहा कुठं पीत होतं, कॅप्टन झालं का, विचारा. लिहून काढा आणि इकडं पाठवा. चुकतमाकत लिहा, पण नावानिशी, सालानिशी लिहा. मैदान कुणाच्या बापाचं, या प्रश्नाला सातबारा एक उत्तर देतो. ज्यानं ते दाबून दाबून सपाट केलं त्याच्या नावाची नोंद आपल्यालाच करावी लागणार आहे.

जयभीम.